नवरंग ओळखायचा कसा? कोल्हापूरच्या पावसात पहिल्यांदाच शोधणाऱ्यांसाठी

वळीव बरसून गेला, रोहिणी निघाल्या की इथल्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर "आला का?" एवढाच मेसेज पडतो. कोण ते लिहावं लागत नाही. नवरंग. मे महिन्याच्या उत्तरार्धात तो दक्षिणेकडून सह्याद्रीच्या या भागात येऊ लागतो, पावसाळ्यात इथे घरटं करतो, पिल्लं वाढवतो आणि पाऊस ओसरला की दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडे परततो. त्याचे काही भाईबंद आणखी वर, मध्य भारतात आणि हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जातात.

म्हणजे आपल्या हातात जेमतेम दोन-तीन महिने. त्यातही नवख्याला तो हुकतो, कारण बहुतेक जण नाव ऐकून झाडाच्या शेंड्यांवर रंग शोधत बसतात आणि नवरंग तेव्हा सावलीत, जमिनीवर पाचोळा उलटत असतो. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवलाय. आधी वेळ आणि जागा, मग कान, आणि रंग सगळ्यात शेवटी.

वेळ धरा

मे संपता संपता ते जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. त्यातही मृगाच्या आगेमागे तो खूप बोलतो, कारण जागा धरायची असते, जोडीदार मिळवायचा असतो. एकदा अंडी उबवायला घेतली की आवाज कमी होतो आणि ऑगस्टपासून तर समोरच्या झुडपात असला तरी पत्ता लागणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीच्या वाटेवरचे पक्षी दिसतात, पण ते गुपचूप असतात. नवशिक्याने त्यांच्या मागे लागू नये.

दिवसातली वेळ त्याहून महत्त्वाची. उजाडताना आणि सूर्य मावळताना तो हमखास बोलतो. तमिळनाडूत तर त्याच्या या सकाळ-संध्याकाळच्या सवयीवरून त्याला सहाच्या ठोक्याचा पक्षीच म्हणतात. जूनमध्ये आपल्याकडे सहाच्या सुमाराला उजाडतं, म्हणजे साडेपाचला तुम्ही जागेवर उभे हवेत, घरातून निघत असाल तर उशीर झाला. आभाळ भरून आलं असेल तर मात्र सूट मिळते, अशा दिवशी तो दुपारीही शीळ घालतो. धो-धो पावसात जाऊ नका. काही ऐकू येत नाही आणि दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते. पाऊस थांबून झाडं ठिबकत असतात, तो अर्धा तास सोन्याचा.

झाडी वाचायला शिका

कोल्हापूर जिल्ह्याची गंमत अशी की पूर्वेला शिरोळकडे पाऊस बेताचा आणि पश्चिमेला गगनबावड्याला त्याच्या कितीतरी पट. शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात उसाचं सपाट शिवार, माळ, डोंगरउतारावरची झुडपं आणि घाटमाथ्यावरचं सदाहरित वळणाचं जंगल, सगळं येतं. नवरंगाला यातलं सगळं चालत नाही.

त्याला काय लागतं ते बघा. वर सावली देणारी झाडं: आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा, अंजनी. मधे झुडपांची गर्दी: करवंदीच्या जाळ्या, कारवी, बांबूची बेटं, घाणेरीसुद्धा. आणि खाली ओला, कुजत आलेला, जाड पाचोळा. हा तिसरा थर नसेल तर पुढे चला. किडे, अळ्या, गांडुळं, लहान गोगलगायी हे त्याचं खाणं, आणि ते सगळं त्या पाचोळ्यात. एखाद्या जागी उभं राहून पायाने पाचोळा जरा सारून बघा. खालची माती काळी, ओलसर आणि वळवळणारी असेल तर जागा बरोबर आहे. बाजूला ओढा किंवा ओघळ असेल तर फारच उत्तम.

या हिशेबाने रंकाळा, कळंब्याचा काठ, मसाई पठार, उसाचे बांध हे सगळं यादीतून काढून टाका. तिथे पाहण्यासारखे पक्षी भरपूर आहेत, पण ते वेगळे.

सुरुवात पन्हाळ्यापासून करा. शहरापासून वीसेक किलोमीटर, रस्ता सोपा, एसटीने जाता येतं. गडावरच्या गर्दीत न थांबता पावनगडाकडच्या आणि खालच्या उतारावरच्या झाडीत कान द्या. शनिवार-रविवार टाळा, भेळ आणि मक्याच्या गाड्यांच्या गलक्यात नवरंगाची शीळ ऐकू येणं अवघड.

खरी खात्री मात्र राधानगरीच्या पुढे. राधानगरीहून दाजीपूरमार्गे फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता जंगलातूनच जातो. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणाचा जलाशय, म्हणजे लक्ष्मी तलाव, याच परिसरात. हे अभयारण्य १९५८ मध्ये दाजीपूरच्या गव्यांसाठी सुरू झालं, १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्या यादीत त्याचंही नाव आहे. पावसाळ्यात अभयारण्याचे आतले रस्ते पर्यटकांना बंद असतात. तारखा दरवर्षी वनविभागाकडून विचारून घ्या. पण नवरंगासाठी आत जायची गरजही नाही. गाडी रस्त्याच्या कडेला, रुंद जागा बघून लावा, इंजिन बंद करा आणि गाडीशेजारीच उभे राहा. पहाटे या रस्त्यावर गवे येतात. गवा दिसला की गाडीत बसायचं, हॉर्न वाजवायचा नाही, फोटोसाठी पुढे जायचं नाही.

आंबा घाटाची बाजूही चांगली. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आंबा गावाजवळच्या देवराईत वर सांगितलेले तिन्ही थर एका जागी बघायला मिळतात. गगनबावड्याला झाडी आहे पण धुकं इतकं उतरतं की पक्षी ऐकून समाधान मानावं लागतं. आजरा, भुदरगड, चंदगडकडच्यांना हे सगळं सांगायची गरज नाही. त्यांच्या घरामागच्या राईत तो येत असेल.

जळवा लागणार. गमबूट घाला किंवा पँट मोज्यात खोचा, खिशात मिठाची पुरचुंडी ठेवा. पाचोळ्यात हात घालू नका, बसायच्या आधी जागा बघा. फुरसं आणि चापडा हे दोन्ही विषारी साप याच दिवसांत, याच झाडीत असतात आणि दोघांचाही रंग आजूबाजूला मिळून जाणारा.

आधी कानाने ओळखा

नवरंगाची शीळ दोन स्वरांची, मोठी आणि स्वच्छ. लिहून दाखवायची तर "व्हीऽट्-ट्यूऽ" अशी काहीशी. पहिला स्वर वर चढतो, दुसरा खाली उतरतो. कधीकधी पुढे एक बारीक सूर जोडून ती तीन तुकड्यांची होते. एकदा-दोनदा शीळ झाली की तो थांबतो, मग लांबून दुसरा उत्तर देतो, मग तिसरा. पहाटे चांगल्या झाडीत उभं राहिलात तर पंधरा-वीस मिनिटं ही देवाणघेवाण चालते आणि मग एकदम सगळं बंद.

त्याच वेळी त्याच झाडीत इतरही गाणारे असतात. त्यात गोंधळ होतो तो असा. कोकिळेच्या नराचा "कुहू"ही दोन स्वरांचाच, पण तो पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी पट्टी वाढत जाते. पावशाचं "पेर्ते व्हा" सगळ्यांना पाठ आहे, तेही चढत चढत टिपेला जातं. नवरंग चढत नाही. पहिल्यांदा जेवढ्या उंचीवर बोलला तेवढ्याच उंचीवर शेवटपर्यंत. ओढ्याकाठी रमतगमत, कुणीतरी आपल्याच नादात शीळ घालत चाललंय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तुर. दयाळ तर दर मिनिटाला नवी तान घेतो.

इथे एक शास्त्राची गोष्ट उपयोगाची आहे. दयाळ, कस्तुर, बुलबुल यांच्या गटातले पक्षी गाणं मोठ्यांकडून ऐकून शिकतात, म्हणून त्यात इतके प्रकार असतात, नकलाही असतात. नवरंगाचं कूळ वेगळं आहे. त्या कुळातल्या पक्ष्यांची शीळ जन्मजात असते, ती शिकावी लागत नाही. काटेकोर बोलायचं तर तो गायक पक्ष्यांच्या मुख्य गटात बसतच नाही. आपला फायदा असा की पन्हाळ्याचा नवरंग आणि दाजीपूरचा नवरंग तेच बोलणार. घरी बसून एक चांगलं रेकॉर्डिंग मन लावून ऐकलं की काम झालं. मर्लिनसारखं मोफत ॲप त्यासाठी पुरेसं आहे.

आवाज आला की लगेच त्या दिशेने चालू लागू नका. इथेच नव्वद टक्के नवखे पक्षी घालवतात. उभे राहा. आवाज कुठून येतोय ते डोकं हळू फिरवून नक्की करा. आणि एक लक्षात असू द्या: खाण्यासाठी तो जमिनीवर असला तरी शीळ घालताना बऱ्याचदा झाडावर, तुमच्या डोक्याच्या वरच्या एखाद्या आडव्या फांदीवर बसलेला असतो. खोडाला लागून, पानांच्या आत. शीळ घालताना मान मागे टाकतो, चोच आभाळाकडे करतो आणि त्या झटक्याने अख्खं अंग हलतं. ती हालचाल शोधा, रंग शोधू नका.

आता डोळ्यांनी

समजा दिसला. घाई न करता या क्रमाने बघा.

ठेवण. साळुंकीपेक्षा लहान, साधारण १९ सेंटिमीटर. पण साळुंकीची बरीचशी लांबी शेपटीत जाते आणि याला शेपूट जवळपास नाहीच. पाय लांब, फिकट गुलाबी, छाती ताठ. कापून टाकल्यासारखी ती आखूड शेपूट तो हळूहळू खाली-वर करत असतो. नुसती काळी सावली दिसली तरी ही आकृती आपल्या जंगलात दुसऱ्या कुणाची नाही.

चाल. तो टुणटुण उड्या मारतो. दोन-चार उड्या, थांबा, चोचीने पान बाजूला फेकणं, मान तिरकी करून खाली बघणं, परत उडी.

डोकं. माझ्या मते ओळख पटवायची जागा हीच. डोक्याच्या मधोमध काळा पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळट तपकिरी पट्टे, त्याखाली पांढरी भुवई आणि डोळ्यावरून मागे मानेपर्यंत जाणारा जाड काळा पट्टा. गळा पांढरा. सावलीत रंग मरतात, तेव्हा हा काळा-पांढरा चेहरा सगळ्यात आधी चमकतो.

मग रंग. पाठ हिरवी, पोटाकडची बाजू पिवळट बदामी, शेपटीखाली आणि पोटाच्या मागच्या भागात लालभडक. खांद्यावर आणि कंबरेवर चकाकता आकाशी निळा. हा निळा उजेडाच्या कोनावर अवलंबून असतो. एका क्षणी पेटल्यासारखा दिसतो, पक्षी जरा वळला की गायब. उडाला की पंखांच्या टोकाकडे पांढरा डाग उघडतो आणि तोच सगळ्यात लांबून दिसतो.

नऊ रंग मोजत बसू नका. समोरून बघितलात तर बदामी आणि लाल, पाठीमागून बघितलात तर हिरवा आणि निळा, असाच तो तुकड्या-तुकड्याने दिसतो. नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे "नर होता का मादी?" या प्रश्नात वेळ घालवण्यात अर्थ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मळकट रंगाचा, डोक्यावरचे पट्टे पुसट असलेला दिसला तर ते यंदाचं पिल्लू असू शकतं.

जुन्या काळी युरोपातल्या अभ्यासकांपुढे याची नुसती चित्रं आणि कातडी येत, जिवंत पक्षी नाही. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६६ मध्ये त्याला नाव दिलं तेव्हा चक्क कावळ्यांच्या गटात टाकलं होतं. त्यामुळे पहिल्या खेपेला तुमची ओळख चुकली तर फार मनाला लावून घेऊ नका.

गल्लत कुणाशी होते

सगळ्यात जास्त खंड्याशी. निळं काहीतरी झर्रकन गेलं की लोक नवरंग म्हणतात. आपल्याकडचा नेहमीचा खंड्या तारेवर किंवा फांदीवर उघड्यावर बसतो, चोच लांब, जाड आणि लाल. नवरंगाची चोच मध्यम आणि काळपट.

पाचू कवडा हा जास्त फसवा. तोही जंगलाच्या जमिनीवर, तोही हिरवा, तोही सावलीत. पण तो कबुतराच्या कुळातला, चालतो, उड्या मारत नाही. शेपूट व्यवस्थित लांब, चोच लाल. पाऊलवाटेवरून एकदम फडफड करत, सरळ रेषेत जमिनीलगत उडून गेलं आणि हिरवं होतं, तर आधी पाचू कवड्याचा विचार करा.

नारिंगी डोक्याचा कस्तुरही पाचोळा उलटतो. डोकं आणि पोट नारिंगी, पाठ निळसर करडी, पांढऱ्या गालावर दोन काळ्या उभ्या रेघा. नवरंगाचा काळा पट्टा आडवा, याच्या रेघा उभ्या. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मोबाइलवर आवाज वाजवू नका

हे जरा कडक शब्दांत सांगतो, कारण दरवर्षी बघतो. नवरंग आवाजाला पटकन फसतो. स्पीकरवर शीळ लावली की आपल्या हद्दीत कुणी घुसलं असं समजून तो धावत येतो, फोटो मिळतो, लाइक मिळतात. पण तो आत्ताच मोठा प्रवास करून आलाय, अंगात ताकद नाही, आणि घरटं करायचे दिवस मोजके आहेत. एका जागी सकाळपासून पाच जणांनी पाच स्पीकर लावले तर तो दिवसभर नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. अभयारण्यात तर हे करायचंच नाही. ॲपमधला आवाज घरी, हेडफोन लावून ऐका.

घरटं दिसलं तर तिथून निघा. काटक्या, मुळं, सुकी पानं यांचा फुटबॉलसारखा गोळा, बाजूला तोंड, जमिनीवर किंवा खालच्या फांदीच्या बेचक्यात. पटकन बघितलं तर पाचोळ्याचा ढीग वाटतो. चार-पाच पांढरी, ठिपकेवाली अंडी असतात. तुम्ही तिथे घुटमळलात की कावळे तुमच्या नजरेच्या मागे येतात. फांदी सारून फोटो काढणं म्हणजे घरट्याचं तोंड शत्रूला उघडून देणं. ठिकाण ग्रुपवरही टाकू नका, अगदी "कुणाला सांगू नका" असं लिहूनसुद्धा.

कॅमेरा असेल तर फ्लॅश नको. दुर्बीण घ्यायची असेल तर दहापटीपेक्षा आठपटीची बरी. सावलीत उजेड जास्त मिळतो आणि जवळच्या झाडीत पक्षी पटकन सापडतो. कपडे मातकट. लाल रेनकोट घरी ठेवा.

घरात किंवा गॅलरीत सापडला तर

हे शहरातल्यांसाठी. नवरंग रात्री प्रवास करतो. मे-जूनमध्ये थकून, दिव्यांनी बिथरून किंवा काचेला धडकून तो घरात, जिन्यात, पार्किंगमध्ये येऊन पडतो. लोकांना वाटतं कुणाचा तरी पाळलेला परदेशी पक्षी सुटलाय. तो आपलाच आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे त्याला ठेवून घेणं गुन्हा आहे.

करायचं एवढंच. मांजर आणि मुलं दोघांनाही बाहेर काढा, पंखा बंद करा. सुती टॉवेल हलक्या हाताने त्याच्यावर टाका आणि उचलून बुटाच्या खोक्यात ठेवा. खोक्याला आधीच भोकं पाडलेली असावीत, तळाला कापड घातलेलं असावं. झाकण लावा, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा. चोच उघडून पाणी घालू नका. ते फुप्फुसात जातं. भात, पोळी, बिस्किट काही देऊ नका, तो किडे खाणारा पक्षी आहे. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका, आणि सेल्फी तर नकोच.

नुसता गांगरलेला असेल तर बहुधा तासा-दोन तासांत सावरतो, खोक्यात उड्यांचा आवाज येऊ लागतो. रात्र असेल तर सकाळपर्यंत थांबा. मग जवळच्या दाट झुडपाशी, शक्यतो जुनी झाडी असलेल्या बागेत किंवा आवारात, खोका जमिनीवर आडवा ठेवून झाकण उघडा आणि मागे सरका. हवेत उडवायचा नाही. उघड्या मैदानातही सोडायचा नाही, तिथे कावळे टपलेले असतात. पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल किंवा उभं राहता येत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

या दिवसांत रात्री गच्चीवरचे, जाहिरातीचे मोठे दिवे बंद ठेवता आले तर ठेवा. सोसायटीत हे पटवणं अवघड असतं, पण एकदा कुणाच्या गॅलरीत नवरंग सापडला की पुढच्या मीटिंगमध्ये विषय सोपा जातो.

वहीत काय लिहाल

तारीख, वेळ, गाव आणि झाडीचं वर्णन. पाऊस होता की उघडीप. पक्षी दिसला की नुसता ऐकला. ऐकलेली नोंदही तितकीच पक्की असते, फक्त "ऐकला" असं स्पष्ट लिहायचं. किती पक्षी बोलत होते तेही टिपा: एकाच वेळी दोन बाजूंनी शीळ आली तर किमान दोन. आणि गेलात पण आला नाही, तर तेही लिहा. जूनच्या पहिल्या आठवड्यात चांगल्या झाडीत पहाटे उभं राहून नवरंग ऐकू आला नाही, ही नोंद पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकली तर ती इतरांनाही वापरता येते. फक्त घरटं बघितलं असेल तर यादी लगेच सार्वजनिक करू नका. पाऊस संपून पिल्लं उडून गेली की मग टाका.